‘नारळ वाढव’ म्हणजे नक्की काय करायचं? शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलांना थट्टा, टोमणे आणि वाक्प्रचार समजावताना

माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. घरी गणपती बसलेले, आरतीची तयारी चाललेली, घर माणसांनी भरलेलं. सासऱ्यांनी कौतुकानं नातवाच्या हातात नारळ दिला आणि म्हणाले, “चल, तू नारळ वाढव.” तो नारळ धरून उभाच राहिला. मग अगदी मनापासून त्यानं विचारलं, “आजोबा, हा मोठा कसा करायचा?”

सगळे हसले. प्रेमानं हसले, हे मला माहीत होतं. त्याला ते कळलं नाही. आरती संपेपर्यंत तो मागच्या खोलीत कानांवर हात ठेवून बसला होता.

त्याचं ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं निदान त्याआधीच झालं होतं. पण भाषेकडे आमचं लक्षच गेलं नव्हतं, कारण तो छान बोलायचा. मराठीच्या पेपरात ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवायचा. ते सगळं पाठ होतं. घरी मावशी “दुपारी जरा डोळा लागला होता” म्हणाली, की हाच मुलगा काळजीनं विचारायचा, “कशाला लागला? रक्त आलं का?”

आता तो सतरा वर्षांचा आहे. मधल्या वर्षांत स्पीच थेरपिस्टकडून आम्ही काय शिकलो आणि घरात चुकतमाकत काय उभं केलं, ते इथे क्रमानं लिहिते आहे. लहान मुलांच्या आईवडिलांना त्याचा उपयोग होईल, आणि स्वतःला हा त्रास असलेल्या मोठ्या माणसांनाही होईल.

आधी हे समजून घ्या

बोलणारा माणूस सगळं बोलत नाही. उरलेलं ऐकणारा भरून काढतो. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञानं 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात याची मांडणी केली: बोलणारा प्रसंगाला धरूनच बोलत असणार असं आपण गृहीत धरतो, आणि शब्द प्रसंगात बसले नाहीत की दुसरा अर्थ शोधतो. ताटावर बसलेला माणूस “आज मीठ महाग झालंय का?” असं विचारतो, तेव्हा त्याला बाजारभाव नको असतो. बहुतेकांच्या डोक्यात हा शोध आपोआप होतो. माझ्या मुलाला तो मुद्दाम, एकेक पायरी चढत करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. तेवढ्यात गप्पा पुढे गेलेल्या असतात.

ही अडचण फक्त ऑटिझममध्ये येत नाही. ऐकू कमी येणारी मुलं आणि भाषा उशिरा आलेली मुलंही इथे अडतात. 2013 मध्ये आलेल्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत सामाजिक संवादाच्या अडचणीचं एक वेगळं निदानही आहे. ऑटिझमची इतर लक्षणं नाहीत, पण गर्भितार्थ, विनोद, वाक्प्रचार पकडता येत नाहीत, अशांसाठी ते आहे. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आलेल्या मोठ्या माणसांचंही असं होऊ शकतं. आयुष्यभर कोट्या करणाऱ्या आजोबांना अचानक थट्टा कळेनाशी झाली, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

आणि इंग्रजी माध्यमातल्या किंवा परदेशात वाढणाऱ्या मुलाला ‘हातावर तुरी देणे’ कळलं नाही, तर लगेच घाबरू नका. त्यानं ते कधी ऐकलेलंच नसतं. तोच मुलगा इंग्रजीतली थट्टा पटकन पकडत असेल, तर प्रश्न फक्त मराठी कमी कानावर पडण्याचा आहे.

पहिली पायरी: पंधरा दिवस फक्त वही

शिकवायला लगेच सुरुवात करू नका. एक साधी वही घ्या आणि मूल जिथे अडेल तिथलं नेमकं वाक्य लिहा. कोण बोललं, कुठे, आवाज कसा होता, मुलानं काय केलं. ‘त्याला विनोद कळत नाही’ असं लिहून काही हाती लागत नाही. ‘दादा म्हणाला, “आलास? फार लवकर आलास!” आणि यानं “थँक यू” म्हटलं’ असं लिहा.

आमच्या पंधरा दिवसांच्या नोंदींमधून एक गोष्ट दिसली आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. तो सगळीकडे सारखा अडत नव्हता. कोट्या त्याला थोड्याशा मदतीनं कळत आणि आवडत. वाक्प्रचार शिकवले की लक्षात राहत. टोमणे आणि आडवळणाच्या विनंत्या मात्र अजिबात कळत नव्हत्या. या चारही गोष्टींचे उपाय वेगवेगळे आहेत. तुमच्या मुलाचं चित्र वेगळं असेल, म्हणून वही हवी.

याच पंधरा दिवसांत कानाची तपासणी करून घ्या.

दुसरी पायरी: घरातल्यांनी आपलं बोलणं सुधारणं

हे सगळ्यांत अवघड आहे, कारण यात मुलाला काही करायचं नसतं. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञानं 2012 मध्ये मांडलं, की न समजण्याची ही अडचण दोन्ही बाजूंची असते: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही. मला ते वाचून हायसं वाटलं आणि लाजही वाटली. तोवर आम्ही सगळा भार एका लहान मुलावर टाकला होता.

घाईच्या वेळी, रस्त्यावर, गॅसजवळ, औषध देताना सरळ बोला. “जास्त शहाणपणा केलास तर बघ!” यात नक्की काय बघायचं, हे त्याला कळत नाही. “गॅसला हात लावू नकोस” हे कळतं. “दोन मिनिटांत येते” म्हणून वीस मिनिटं लावलीत, तर त्याच्या लेखी तुम्ही खोटं बोललात. आकडा सांगायचा तर खरा सांगा.

पण घरातून वाक्प्रचार हद्दपार करू नका. आम्ही काही महिने ती चूक केली. घर सोपं झालं आणि बाहेरचं जग होतं तेवढंच कठीण राहिलं. वाक्प्रचार वापरा आणि त्याच दमात अर्थ जोडा: “पोटात कावळे ओरडताहेत, म्हणजे मला खूप भूक लागलीय.” त्याच सुरात, धडा दिल्यासारखं न करता. काही महिन्यांनी पहिला अर्धा भाग बोलून थांबा. दुसरा अर्धा तो पुरवेल.

एका विषयात मात्र आडपडदा नको. माझ्या आजेसासूबाई गेल्या तेव्हा आम्ही त्याला सांगितलं, “पणजी देवाघरी गेली.” नंतर कितीतरी दिवस तो स्वयंपाकघरातल्या देवघराजवळ जाऊन उभा राहत असे. मला उशिरा उमगलं. मृत्यूबद्दल ‘झोपली’, ‘गेली’, ‘देवाघरी गेली’ असं सांगू नका. “पणजी वारली. तिचं शरीर बंद पडलं. ती परत येणार नाही, आणि आपल्याला तिची आठवण येत राहील.” असं बोलताना जड जातं. मुलाला ते समजतं.

तिसरी पायरी: वाक्प्रचार, थोडे आणि गटानं

आठवड्याला दोन पुरेत. सुरुवात अशा वाक्प्रचारांपासून करा, ज्यांचा अर्थ अंगावर दिसतो: नाक मुरडणे, मान खाली घालणे, कपाळाला आठ्या पडणे, तोंड फिरवणे. हे करून दाखवता येतं, आरशात बघता येतं. ‘तोंडाला पाने पुसणे’ किंवा ‘हातावर तुरी देणे’ यांसारखे, शब्दांवरून अर्थाचा थांग न लागणारे, खूप नंतर.

मग एकेका अवयवाचा गट घ्या. डोळ्यांचा आमचा गट मोठा झाला: डोळा लागणे म्हणजे झोप लागणे, डोळे येणे म्हणजे डोळ्यांचा आजार, डोळे लावून बसणे म्हणजे वाट पाहणे, डोळ्यांत धूळ फेकणे म्हणजे फसवणे. प्रत्येकाचं एक कार्ड. एका बाजूला शब्दशः अर्थाचं चित्र, ते मुलानंच काढायचं. हातात धूळ घेतलेला माणूस काढताना तो खदखदून हसला होता. मागच्या बाजूला खरा अर्थ आणि शेवटी पुस्तकात कधीच नसणारी एक ओळ: हे कोण कुणाला बोलतं, कुणासमोर बोलू नये. ‘टोपी घातली’ हे मित्राशी बोलताना ठीक, पण मुख्याध्यापकांना “तुम्ही आम्हाला टोपी घातलीत” म्हणता येत नाही. त्यानं म्हटलं होतं.

एका गटाबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण आमची वाट तिथून मोकळी झाली. ‘नारळ वाढव’चा घाव ताजा होता. थेरपिस्टनी सुचवलं, की अर्थ पाठ करून घेण्याआधी त्यामागचं कारण सांगून बघा. मी त्याला सांगितलं: आपल्याकडे शुभ गोष्टीबद्दल ‘फुटली’, ‘तुटली’, ‘बंद झाली’ असं बोलणं लोकांना बरं वाटत नाही. म्हणून उलटा, वाढीचा शब्द घेतात. नारळ फोडायचा असला तरी ‘वाढवायचा’ म्हणतात. दुकानदार रात्री दुकान बंद करतो त्याला ‘दुकान वाढवणं’ म्हणतात. बांगडी फुटली तर ‘वाढवली’. तसंच घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे नियम आहे. तुम्ही मला नियम सांगितलाच नव्हता.”

तेव्हापासून आम्ही जमेल तिथे कारण सांगतो. कारण कळलं, की एकटा शब्द सुटा राहत नाही, सगळं घराणं ओळखीचं होतं. पुढच्या वर्षी त्यानं नारळ स्वतःहून मागून घेतला.

चौथी पायरी: आडवळणाची विनंती

आपल्याकडे मागणी सरळ करणं उद्धट वाटतं. “फार गरम होतंय नाही?” म्हणजे पंखा लाव. “तुझ्या बाजूला रिमोट आहे का?” म्हणजे दे. आमचा मुलगा “हो” म्हणून बसून राहायचा, आणि पाहुण्यांना वाटायचं, मुलगा आळशी आहे.

त्याला एकच प्रश्न शिकवला: हे वाक्य बोलणाऱ्याला काय हवं असेल? गरम होतंय, तर गार हवंय. आणि खात्री नसेल तर सरळ विचारायचं, “पंखा लावू का?” हा प्रश्न विचारल्यावर आजवर कुणी रागावलेलं नाही.

‘बघू’ या शब्दासाठी वेगळं पान करा. मोठ्यांचं ‘बघू’ म्हणजे बहुतेकदा ‘नाही’. “या एकदा घरी” म्हणजे आमंत्रण नव्हे, त्यात दिवस आणि वेळ नसते. आणि “चहा घेणार?” “नको, नको” यातलं पहिलं ‘नको’ मोजायचं नसतं, पुन्हा एकदा विचारायचं असतं. पण एक काळजी घ्या: कुणाच्या अंगाला हात लावणं, कुणाची वस्तू घेणं, खेळ थांबवणं, यातलं ‘नको’ पहिल्याच वेळी खरं धरायचं. चहाचा नियम चहापुरताच. हे मी त्याला त्याच दिवशी, त्याच बैठकीत सांगितलं.

पाचवी पायरी: उपरोध आणि टोमणे

साधारणपणे मुलांना उपरोध सहाव्या वर्षाच्या आसपास उमगायला लागतो आणि त्यानंतरही काही वर्षं पक्का होत जातो. पाच वर्षांच्या मुलाला तो कळला नाही, तर ते वयाला धरूनच आहे.

‘आवाजावरून ओळख’ असं सगळे सांगतात. आमचा अनुभव असा, की आवाजावर फार भिस्त ठेवू नये. काही माणसं उपरोध इतक्या सपाट चेहऱ्यानं करतात, की कुणीही फसेल. प्रसंग जास्त भरवशाचा. म्हणून क्रम असा ठेवला: आधी काय घडलं ते बघ, मग शब्द बघ. दोन्ही जुळले, तर बोलणं खरं. दूध उतू गेलंय आणि शब्द आहेत “व्वा, काय दिवे लावलेस!” जुळत नाहीत, म्हणजे उलटा अर्थ. आवाज आणि चेहरा फक्त शंका उरली तर.

सराव मोबाईलवर करा. “छान केलंस” हे एकच वाक्य घरातल्या प्रत्येकानं दोनदा रेकॉर्ड करायचं, एकदा खरं, एकदा उपरोधानं, आणि दोन्हींआधी प्रसंग सांगायचा. दिवसाला पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही.

‘लेकी बोले सुने लागे’ प्रकारचे टोमणे, म्हणजे एकाला उद्देशून बोलायचं आणि लागायचं दुसऱ्याला, हे मी त्याला शिकवलेच नाहीत. त्याला सांगितलं, की हे सोडून दिलंस तरी चालेल. ज्याला तुला काही सांगायचं आहे त्यानं सरळ सांगावं. एवढी मोकळीक त्याला मिळायलाच हवी.

सहावी पायरी: विनोद उघडून बघणं

विनोद समजावला की मरतो म्हणतात. चारचौघांत ते खरं आहे. घरी, निवांत वेळी, विनोद उघडून बघणं हा आमचा सगळ्यांत आनंदाचा खेळ झाला.

कोटीपासून सुरू करा. “मुलीसाठी वर शोधतोय.” “वरच का? खाली पण बघा की!” इथे शोधायचा तो दोन अर्थांचा शब्द: वर म्हणजे नवरामुलगा, वर म्हणजे उंचावर. बोलणाऱ्याला कुठला अर्थ अभिप्रेत होता? ऐकणाऱ्यानं कुठला धरला? गंमत त्या अदलाबदलीत आहे. दुसरी: भक्त म्हणतो, “देवा, मला पाव!” देव म्हणतो, “बेकरी बंद आहे.” पाव, मान, पाठ, कर, कळ, अशा दोन-तीन अर्थांच्या शब्दांची यादी भिंतीवर लावा.

शब्दशः ऐकणाऱ्या मुलांना एका शब्दाचे दोन अर्थ फार स्पष्ट दिसतात, आणि कोटीला तेच लागतं. एका संध्याकाळी सासूबाई पाठ शेकत बसल्या होत्या. हा जवळ जाऊन म्हणाला, “आजी, तुझी रामरक्षा पाठ आहे ना? तीच पाठ दुखतेय का?” त्या हसत सुटल्या. तो आधी दचकला, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “तुझ्या विनोदाला हसताहेत.” त्या रात्री तो उशिरापर्यंत जागा होता.

सातवी पायरी: चारचौघांत अडल्यावर

प्रत्येक विनोद कळलाच पाहिजे, असं ध्येय ठेवू नका. न कळलेल्या क्षणी काय करायचं, हे हाताशी असलं की भीती जाते. तीन वाक्यं त्याच्या तोंडात बसवली: “थट्टा करताय की खरं?”, “मला नाही कळलं, सांगशील?”, आणि “मी नंतर विचारतो.” खोटं हसायला मी शिकवलं नाही. दिवसभर खोटं हसून आलेली मुलं घरी येऊन कोसळतात, ते मी पाहिलं आहे.

प्रत्येक ठिकाणी एक अर्थ सांगणारा माणूस ठरवा. लग्नात मामेबहीण, वर्गात बाकावरचा मित्र. आमच्या घरात अंगठा आणि तर्जनी जुळवली, की अर्थ ‘ही थट्टा आहे’. घरातल्यांसाठी नियम एकच: “थट्टा की खरं?” असं त्यानं विचारलं, की हसायचं नाही, उत्तर द्यायचं. हा एक नियम पाळलात आणि बाकीचं राहून गेलं, तरी पुष्कळ होईल. विचारण्याची लाज वाटायला लागली, की मूल विचारणं सोडतं आणि मग अंदाजावर जगतं.

व्हॉट्सॲपवर घाईनं उत्तर नको, कारण तिथे आवाजही नाही आणि चेहराही नाही.

आठवी पायरी: थट्टा आणि छळ

सातवीत असताना वर्गातल्या मुलांनी त्याला सांगितलं, की बाईंना जाऊन अमुक एक शब्द म्हण, त्यांना आवडेल. त्यानं म्हटला. शिक्षा त्याला झाली. मला ते अजूनही सहन होत नाही.

त्यानंतर आम्ही हे प्रश्न कागदावर लिहिले. ‘थांब’ म्हटल्यावर समोरचा थांबतो का? आळीपाळीनं सगळ्यांची थट्टा होते, की रोज माझीच? मला काही करायला, काही द्यायला लावताहेत का? शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर विचार करत बसायचं नाही. काही करायच्या आधी घरच्या माणसाला किंवा ठरलेल्या शिक्षकांना विचारायचं. ‘मामा बनवणं’ म्हणजे काय, हे त्याला बाहेर कळायच्या आत घरी कळू द्या.

शाळेला लेखी कळवा, तोंडी नको. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मधल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, हे पत्रात लिहा. मुलांसाठीची 1098 ही मदतवाहिनी लक्षात असू द्या.

मदत कुणाची घ्यायची

स्पीच थेरपिस्ट निवडताना एकच विचारा: उच्चारांपलीकडे, संवादावर काम करता का? मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे वाचा आणि भाषेची तपासणी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

वही आता तोच लिहितो. गेल्या आठवड्याची नोंद त्याला विचारून इथे देते आहे: “क्लासचे सर म्हणाले, पाट्या टाकू नका. माझ्याकडे पाटी नव्हती. मित्राला विचारलं. अर्थ: मन लावून काम न करणे. कारण माहीत नाही. शोधायचं आहे.”